नाव आणि नाते



घरात एखादी जुनी लग्नपत्रिका असेल तर ती काढून पाहा. पुरुषांच्या नावामागे ‘श्री.’ आहे. तो पुरुष अविवाहित असो, विवाहित असो किंवा त्याची पत्नी वारलेली असो, ‘श्री.’ बदलत नाही. स्त्रियांच्या नावामागे मात्र कोठे ‘कु.’, कोठे ‘सौ.’ आणि कोठे ‘गं. भा.’ आढळते. ‘सौ.’ म्हणजे सौभाग्यवती आणि ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी, अर्थात विधवा. स्त्रीचे नाव तेच राहते; त्यामागची अक्षरे तिचा नवरा हयात आहे की नाही, यावर ठरतात.

एकाच दिवसात शेकडो स्त्रियांच्या नावामागची ही अक्षरे बदलून टाकणारी घटना म्हणजे युद्ध. युद्धाचा इतिहास आपण तारखा, तह आणि सेनापती यांच्या आधारे शिकतो. भाषेच्या अभ्यासकाला आणखी एक वाट मोकळी असते. युद्धात कोणाला नाव मिळाले आणि कोणाला केवळ नाते मिळाले, हे तो शब्दांवरून तपासू शकतो. या लेखात आपण तेच करू. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. संपर्कसत्रांच्या निमित्ताने मी अनेक वर्षे पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत जात आले आहे. आपल्या विषयाला लागणारी बरीचशी सामग्री तेथेच आहे.

स्तंभावरील नावे

शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालची सुमारे आठशे माणसांची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. रात्रभर चालून ती सकाळी भीमेकाठच्या कोरेगावापाशी पोचली, तेव्हा पलीकडे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे मोठे सैन्य होते. १ जानेवारी १८१८ रोजी दिवसभर लढाई झाली. पेशव्यांच्या बाजूने अरब, गोसावी आणि मराठे लढले. कंपनीच्या पायदळात महार शिपायांची संख्या मोठी होती.

या लढाईच्या स्मरणार्थ कंपनीने उभारलेला स्तंभ नदीपलीकडे, हवेली तालुक्यातील पेरणे गावाच्या हद्दीत आहे. त्याची पायाभरणी १८२१ मध्ये झाली. लढाईत मेलेल्या कंपनीच्या ४९ जणांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हे पद येते. महार पुरुषांच्या नावाला जोडले जाणारे हे जुने पद आहे. काही अभ्यासक ते ‘नायक’ शब्दाशी जोडतात, तर काही ‘नाग’ शब्दाशी. व्युत्पत्ती कोणतीही असो, तेथे एक महत्त्वाची गोष्ट घडलेली आहे. गावात ज्यांना नावाने हाक मारली जात नसे, ज्यांना जातीचेच नाव पुरेसे समजले जाई, त्यांची स्वतःची नावे दगडावर आली. कंपनीने तो स्तंभ स्वतःच्या पराक्रमाची ग्वाही म्हणून उभारला, हे खरे. पण स्मारकाचा अर्थ ते उभारणाऱ्याच्या हाती कायम राहत नाही. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि त्या नावांना स्वाभिमानाचा अर्थ प्राप्त झाला. आज दर वर्षी त्या दिवशी तेथे लाखोंचा समुदाय जमतो.

आता ती नावे दुसऱ्यांदा वाचू. त्यांत एकही स्त्री नाही. रणांगणावर पडलेल्यांच्या यादीत स्त्री कशी असेल, असे तुम्ही म्हणाल. परंतु ती लढाई मोकळ्या मैदानापुरती नव्हती. ती कोरेगावच्या गल्ल्यांत आणि मातीच्या भिंतींच्या घरांत झाली. चूल, जाते आणि रांजण असलेली घरे त्या दिवशी मोर्चे झाली. कंपनीचे शिपाई दिवसभर पाण्यावाचून तळमळले, असे वर्णन आपण वाचतो. गावाला रोज पाणी भरणाऱ्या बायका त्या दिवशी कोठे होत्या, हा प्रश्नही आपण विचारला पाहिजे. त्या ४९ जणांच्या मागे आया होत्या, बायका होत्या, बहिणी होत्या. पेशव्यांच्या बाजूने मेलेल्यांच्या मागेही होत्या. युद्धाच्या दोन बाजू असतात. घरी बसलेल्या बाईला बातमी मात्र एकाच प्रकारची येते.

लढाईला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १ जानेवारी २०१८ रोजी, याच परिसरात हिंसाचार झाला. एका तरुणाचा जीव गेला. वाहने आणि दुकाने जळाली. जुन्या युद्धाचा अर्थ कोणी लावायचा, या वादाची किंमत पुन्हा घरांनीच मोजली.

भरती थांबली तेव्हा

सैन्यातील नोकरी म्हणजे अस्पृश्य मानलेल्या कुटुंबासाठी नियमित पगार, छावणीतले घर, निवृत्तिवेतन आणि शाळा. त्यांतील शाळेकडे विशेष लक्ष द्या. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवीत. बाबासाहेबांचा जन्म १८९१ मध्ये महूच्या छावणीत झाला. सैनिकांच्या मुलांबरोबर मुलींनाही तेथे शिक्षण मिळे आणि त्या घरातील स्त्रियांनाही वाचता येत असे, हे त्यांच्या चरित्रातून कळते. गावच्या शाळेचा उंबरठा ज्या मुलीला ओलांडता आला नसता, तिला छावणीत अक्षरओळख होत होती.

१८९२–९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. काही जाती जन्मानेच लढाऊ आणि इतर तशा नाहीत, या समजुतीचा त्या काळी सरकारवर पगडा होता. शिपाई म्हणून ज्यांनी प्राण दिले त्यांच्या नातवंडांना लढण्यास अपात्र ठरवण्यात आले. या निर्णयाविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी विलायत सरकारकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. गरज असेल तेव्हा बोलावायचे आणि गरज संपली की घरी पाठवायचे, असा हा क्रम होता.

भरती बंद होणे ही पुरुषांच्या रोजगाराची बाब समजली जाते. घराच्या आतून पाहिल्यास ती वेगळी दिसते. छावणीतून गावी परतलेल्या कुटुंबाला महारकी, वेठ आणि भाकरी मागून आणणे यांच्याशी पुन्हा जोडले जावे लागे. मुलीची शाळा सुटे. पगाराच्या जागी दारोदारचे तुकडे आले की ते गोळा करणारे हात बहुधा बाईचे असत. पुरंदर तालुक्यातील वीरगावच्या आठवणी सांगणारे बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वाचताना, जातीचा भार आणि बाईपणाचा भार एकाच डोक्यावर कसा येतो, हे तुमच्या ध्यानात येईल. ते लेखन बेबीताईंनी अनेक वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले होते, हेही लक्षात असू द्या.

सैन्यभरतीसाठी अर्ज करणाऱ्या शिवराम जानबा कांबळे यांनीच मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्धही काम केले. दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात जेजुरी आहे. तेथे खंडोबाला मुली वाहिल्या जात. कांबळे यांनी १९०८ मध्ये सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्र’ या मासिकात शिवूबाई नावाच्या मुरळीचे पत्र प्रसिद्ध झाले. मुलाला पलटणीत जाता यावे आणि मुलीला देवाला वाहिले जाऊ नये, या दोन्ही मागण्या त्यांच्या लेखी एकाच सन्मानाच्या होत्या. आणि येथे आपल्याला एका स्त्रीचे नाव मिळते, तेही कोणाची आई किंवा पत्नी म्हणून नव्हे, पत्र लिहिणारी म्हणून.

नाव न घेण्याची भाषा

आता एक घरातली गोष्ट सांगते. माझे मूळ घर शिरूर तालुक्यातले. माझ्या आजीची एक जाऊ होती. तिचा नवरा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मारला गेला. निवृत्तिवेतनाच्या कामासाठी तिला एका कचेरीत बोलावण्यात आले. कारकुनाने मयताचे नाव विचारले. ती गप्प राहिली. त्याने पुन्हा विचारले, तरी ती बोलेना. नवऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, हा संस्कार तिच्यात इतका मुरलेला होता की, तो मेल्यावरही तिची जीभ वळेना. कारकुनाला संशय आला, की ही खरोखर त्याची बायको आहे की नाही. म्हणजे ज्या मौनामुळे गावाने तिला चांगल्या घरची सून म्हटले असते, त्याच मौनामुळे कचेरीत ती खोटी ठरू लागली. अखेर तिने लग्नात शिकवलेला उखाणा म्हटला आणि त्यातून नाव घेतले. कचेरीतली माणसे हसली. नाव लिहिले गेले. आजी ही गोष्ट सांगे तेव्हा ऐकणारी मुले हसत. आजी हसत नसे.

भाषाविज्ञानात याला नामनिषेध म्हणतात. जगातील अनेक समाजांत तो आढळतो. मराठीत पत्नी पतीला ‘अहो’, ‘इकडून’, ‘हे’, ‘धनी’ किंवा मुलाच्या नावाने ‘अमक्याचे बाबा’ म्हणत आली. नाव घेण्याची मोकळीक उखाण्यापुरती, तीही चारचौघींच्या साक्षीने. ही रीत गोड वाटते आणि पुष्कळ ठिकाणी ती गोडच असते. पण अर्ज, दाखला, साक्ष आणि वारसनोंद यांची भाषा वेगळी असते. तेथे नाव उच्चारावे लागते, तारीख सांगावी लागते, अंगठा उठवावा लागतो. युद्ध बाईला अचानक घरातल्या भाषेतून कचेरीच्या भाषेत नेऊन उभे करते, आणि त्या भाषेची तयारी तिच्याकडून कोणी करून घेतलेली नसते.

त्या जावेला पुढे निवृत्तिवेतन मिळाले. त्यातून दिराच्या मुलांच्या शाळेची फी भरली गेली. त्या मुलांत माझे वडील होते. त्यांच्या लग्नाच्या दिवशी मात्र ती आतल्या खोलीत बसून राहिली. हळदी-कुंकवाला तिला बोलावणे नसे. तिचा पैसा शुभ होता, तिची सावली अशुभ होती. या दोन गोष्टी एकाच घरात, एकाच माणसांच्या मनात, कसलाही विरोध न जाणवता नांदत होत्या. भेदभावाचे स्वरूप बहुधा असेच असते. त्यासाठी माणसे दुष्ट असावी लागत नाहीत. रीत ठाऊक असली की पुरते.

जी भाषा उंबऱ्याबाहेर चालत नव्हती, ती जात्यावर मोकळी होत असे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. शिरूर तालुक्यातील सविंदणे गावच्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. तो संग्रह अवश्य पाहा. भाऊ, मुलगा, माहेर, सासर, कष्ट आणि जात यांविषयी स्त्रिया तेथे जेवढ्या स्पष्टपणे बोलतात, तेवढे स्पष्टपण सरकारी दप्तरांत सापडत नाही.

केडगावची वाट

भीमा काही अंतर शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या सीमेवरून वाहते आणि पुढे दौंड शहराकडे जाते. नदीच्या दक्षिणेला, पुणे–दौंड लोहमार्गावर केडगाव आहे. विधवेचे नाव पुसले जाण्यासाठी युद्धच व्हावे लागत नाही, हे समजून घ्यायचे तर केडगावला जावे.

त्याआधी काही शब्द पाहू. ‘रांड’ या शब्दाचा मूळ अर्थ विधवा. पुढे तो शिवी झाला. ‘बोडकी’ म्हणजे जिचे केशवपन झाले आहे ती. तोही हिणवण्याचा शब्द झाला. पत्नी वारलेल्या पुरुषासाठी ‘विधुर’ असा एक पुस्तकी शब्द आहे, पण त्याची शिवी झाली नाही. ‘लग्न’ आणि ‘पाट’ ही जोडीही अशीच. ज्या जातींत विधवेचे दुसरे लग्न होत असे, तेथे त्याला लग्न न म्हणता पाट म्हणत. पुरुषाचे दुसरे लग्न मात्र लग्नच राहिले. कोशातील अशा जोड्या शेजारी शेजारी मांडल्या की समाजाने कोणाला कोणत्या पायरीवर ठेवले, ते दिसू लागते.

पंडिता रमाबाईंनी ही पायरी स्वतः अनुभवली होती. आईवडील दुष्काळात गेले. १८८२ मध्ये पती वारले, तेव्हा मुलगी मनोरमा अगदी लहान होती. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले आणि नंतर केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभे केले. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून निराधार मुली आणि स्त्रिया तेथे आल्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. गोरे शिपाई घरांत शिरून झडत्या घेत होते. प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी वृत्तपत्रातून उघडपणे लिहिले. युद्ध नसतानाही बंदूकधारी माणूस दारात उभा राहिला की बाईची स्थिती काय होते, हे त्यांनी सरकारला सुनावले.

रमाबाईंच्या धर्मांतरावरून मोठे वाद झाले. ते तुम्ही अन्यत्र वाचाल. येथे मला त्यांच्या छापखान्याकडे लक्ष वेधायचे आहे. केडगावच्या छापखान्यात स्त्रिया खिळे जुळवीत आणि छपाई करीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला. त्या १९२२ मध्ये वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यातल्या बाईला कळेल असे मराठी लिहिणे, हा त्यामागचा आग्रह होता. ज्यांना समाजाने शिवीच्या शब्दात कोंडले होते, त्या स्त्रियांच्या बोटांनी मराठी अक्षरांची जुळणी केली. भाषेच्या इतिहासात या घटनेला स्थान असले पाहिजे.

आजची शब्दयोजना

दौंड शहर रेल्वेचे जंक्शन म्हणून ओळखले जाते. राज्य राखीव पोलीस दलाचे गटही तेथे आहेत. संपर्कसत्राला येणाऱ्या विद्यार्थिनींपैकी काहींचे पती त्या दलात असतात. ‘कंपनी बाहेर गेली आहे’ हे वाक्य त्यांच्या तोंडी सहज येते. त्याचा अर्थ असा, की पुढचे काही महिने घरातले आजारपण, मुलांची शाळा, बँक आणि सासूसासऱ्यांचे औषधपाणी एकटीने पाहायचे. त्यातूनच गृहपाठही लिहायचा. त्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना मला हे विसरता येत नाही.

युद्धात पती गमावलेल्या स्त्रीला आज ‘वीरपत्नी’ म्हणतात, आईला ‘वीरमाता’. हे शब्द जुन्या शब्दांपेक्षा निश्चितच चांगले आहेत. तरीही त्यांतील मुख्य पद नात्याचेच आहे. सन्मानाच्या शब्दामागे नियम कोणता उभा आहे, तेही पाहावे लागते. शौर्यपदक मिळवलेल्या सैनिकाच्या विधवेने पुनर्विवाह केला, तर तिला मिळणारा भत्ता ती दिराशी लग्न करील तरच चालू राहील, अशी अट होती. ती २०१७ मध्ये रद्द झाली. तोपर्यंत पराक्रमाचा वारसा आणि बाई, दोन्ही एकाच घरात राहावीत, अशी अपेक्षा सरकारी कागदातही होती.

बदल खालूनही होतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. त्याच वर्षी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, विधवांच्या नावामागे शासनव्यवहारात ‘गं. भा.’ लावावे अशी सूचना पुढे आली. तिला विरोध झाला. विरोध करणाऱ्या स्त्रियांचे म्हणणे साधे होते. शब्द आदराचा असला तरी माझ्या नवऱ्याचा मृत्यू माझ्या नावाआधी का वाचला जावा? लेखाच्या आरंभी आपण लग्नपत्रिकेवर जो प्रश्न पाहिला, तोच हा प्रश्न आहे. आता तो स्त्रिया स्वतः विचारीत आहेत.

पेरण्याच्या स्तंभावरील नावांनी एका समाजाला ताठ मानेने उभे केले. नाव कोरले जाण्याने काय होते, याचा एवढा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल. म्हणूनच ज्यांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत त्यांची नोंद घेण्याचे काम महत्त्वाचे आहे. इतिहासकार ते करतीलच. परंतु तुमच्या आजीला, पणजीला काय म्हणत, तिचे माहेरचे नाव काय होते आणि सासरी ते बदलले का, हे तुमच्याइतके जवळून दुसरे कोणी विचारू शकणार नाही. माझ्या आजीच्या त्या जावेचे माहेरचे नाव घरातल्या एकाही कागदावर नाही. सातबाऱ्यावर तिच्या नवऱ्याचे आहे.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील तीन पिढ्यांच्या स्त्रियांची माहेरची व सासरची नावे मिळवा. ती कोणत्या कागदपत्रांवर आढळतात, याची नोंद करा.

२. आपल्या गावातील किंवा जवळच्या एखाद्या युद्धस्मारकावरील मजकूर उतरवून घ्या. त्यातील नावे, पदव्या आणि नातेवाचक शब्द वेगळे करून लिहा.

३. मराठीतील पुरुषवाचक व स्त्रीवाचक शब्दांच्या अशा पाच जोड्या शोधा, ज्यांतील एकाच शब्दाला हीनार्थ प्राप्त झाला आहे. त्यांची चर्चा सुमारे २०० शब्दांत करा.

४. सैन्यात, पोलीस दलात किंवा दूरच्या नोकरीत पती असलेल्या एका स्त्रीशी बोला आणि तिने वापरलेले शब्द तिच्याच बोलीत लिहून आणा. तिची परवानगी घ्या. तिला हवे असेल तर तिचे नाव लिहा.